जंगलातली पंगत

मुंबईकर कुटुंब जंगलात जातं म्हणजे नेमकं काय करतं, हे पाहायचं असेल तर पावसाळा ओसरल्यावर एखाद्या रविवारी बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी उभं राहावं. समोरून जाते ती सहल नसून स्थलांतर आहे, असा समज होण्याइतकं सामान दिसतं. सतरंजी, बॅडमिंटनच्या रॅकेटी, चार खणांचा डबा, पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, वेगळ्या बरणीत दहीभात, शेजारच्या गुजराती बिऱ्हाडाने आग्रहाने दिलेले ठेपले, आणि ‘तिथे मिळणार नाही’ म्हणून घेतलेलं बाकी सगळं. आत शिरल्यावर पहिला प्रश्न झाडांविषयी नसतो, सावलीविषयी असतो. दुसरा प्रश्न, ‘आत्ताच जेवायचं की थोडं थांबायचं?’ थोडं थांबायचं ठरतं आणि दहा मिनिटांत डबा उघडतो. या दृश्याकडे पाहून निसर्गप्रेमी मंडळी कपाळावर हात मारतात. जंगलात येऊन हे लोक जंगलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. निरीक्षण अगदी खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. शहराच्या पोटातलं जंगल टिकवायचं असेल तर हा डबेवाला, सतरंजीवाला, न बघणारा माणूसच सगळ्यात उपयोगाचा आहे.

साधा भूगोल पाहा. उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्यातलं आपल्या कुटुंबाला हवं असतं ते दारापासून हाकेच्या अंतरावर: नौकाविहार, गांधी टेकडी, फुगेवाला, आणि ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी. ही गाडी मे २०२१ च्या तौक्ते वादळात जायबंदी होऊन मोठा काळ बंद पडली, तेव्हा तिच्या नसण्याचंही पोरांना दर खेपेस नव्याने दुःख झालं. मग सिंहाची सफारी. जाळी लावलेल्या बसमधून धक्काबुक्की करत जो सिंह पाहायचा, तो या डोंगराचा रहिवासी नव्हेच. २०२२ साली इथे सिंहाची जोडी आली ती गुजरातहून. इथला खरा रहिवासी बिबट्या. २०१५ साली उद्यानात आणि आसपास आपोआप टिपणारे कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे भरले, आणि पुढच्या मोजण्यांत आकडा वाढला. म्हणजे घरमालकाची गाठ कधी पडत नाही आणि पोटभाडेकरूला भेटायला लोक तिकीट काढून रांग लावतात. हसू येतं खरं, पण व्यवस्था म्हणून ही फार शहाणी आहे. सिंह, होडी आणि काकडी या तिघांनी मिळून लाखो माणसांना दाराजवळच्या पट्ट्यात गुंतवून ठेवलं आहे. उरलेल्या डोंगरात चितळ, सांबर, भेकर निवांत चरतात. एवढी माणसं अडवायला वनखात्याने कितीही रक्षक नेमले असते तरी ते काम दहीभाताइतकं चोख झालं नसतं.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की अशा येण्यात निसर्गाशी काही नातंच जुळत नाही. नातं जुळवणाऱ्यांचा थाट पाहण्यासारखा असतो. पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, आणि ‘हळू बोला’ हे इतक्या मोठ्याने सांगणारा गटप्रमुख. इथे अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, आणि यादीवर खुणा करत सुटलेल्या माणसाला त्यातला एकही सुटलेला चालत नाही. त्यासाठी तो आत, आणखी आत जातो. ज्याचं जंगलावर अतोनात प्रेम, तो जंगलात खोलवर घुसतो. ज्याला जंगलाचं काही पडलेलं नाही, तो पहिल्या सावलीत बूड टेकतो. आता या दोघांत जंगलाला जड कोण, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय ‘बघत नाहीत’ हेही पूर्ण सत्य नाही. डोंगरउतारावरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. इथे ती २०१६ मध्ये फुलली, नंतर २०२४ मध्ये. त्या वर्षी आठ वर्षांचं पोर घेऊन गेलेल्या आईबापांना पुढचा बहर थेट पोराच्या दहावी-अकरावीच्या घाईत गाठायचा आहे, आणि तेव्हा ते क्लासला असणार हे उघड आहे. एवढा हिशेब ज्या घराला कळला, त्याला निसर्गाचं गणित बऱ्यापैकी कळलं म्हणायचं.

मुळात जंगलात जाऊन जेवणं हा बिघडलेल्या शहरी माणसाचा चाळा नाहीच. कार्तिकात आवळीखाली पंगत मांडणारे आपले पूर्वज आवळ्याच्या पानांची रचना अभ्यासायला जात नव्हते. आणि पुरावा आणखी जुना हवा असेल तर तो याच उद्यानात, दारापासून सहा-सात किलोमीटरवर, अख्ख्या डोंगरात कोरून ठेवलेला आहे. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झालं आणि सुमारे हजार वर्षं चाललं. भिक्षू आले ते ध्यानाला, वर्षावासाला, यात शंका नाही. पण त्यांनी सोय काय काय करून घेतली ते पाहावं. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पाण्याची पोढी. डोंगरावर पडलेला पाऊस पन्हळीपन्हळीने तिच्यात आणून सोडलेला. बसायला कातळातच कोरलेले बाक, आणि समोर दरीचा देखावा. इतकं चांगलं नियोजन आजच्या सहलीतल्या कोणत्याही काकांना जमलेलं नाही. या सगळ्याचा खर्च कल्याण, सोपारा, चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी उचलला. तसे शिलालेखच आहेत. म्हणजे ‘प्रायोजक’ ही जमातही इथे दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेलेली. अकरा क्रमांकाच्या लेण्यात तर सभागृहाच्या लांबीभर दोन बुटके दगडी बाक समोरासमोर कोरलेले आहेत. ते ग्रंथपठणाला होते की भोजनाला, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मराठी माणसाला मात्र ते पाहताक्षणी पाट मांडल्याचा भास होतो आणि वाढपी कुठून येत असेल, एवढाच प्रश्न पडतो.

आता खरा आक्षेप, जो हसण्यावारी नेता येत नाही. डब्याच्या मागे खरकटं असतं. वेफर्सचं पाकीट, उरलेली पुरी, आणि ‘मारुतीचं रूप’ म्हणून माकडापुढे धरलेलं केळं. माकड ते केळं प्रसाद म्हणून घेत नाही, हक्क म्हणून घेतं, आणि पुढच्या रविवारी पिशवीसकट घेतं. हे अजून परवडलं. उद्यानाच्या कडेने साचणाऱ्या कचऱ्याचा हिशेब जास्त गंभीर आहे. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०१५ च्याच अभ्यासात इथल्या बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा निघाला होता. त्याआधी २००४ च्या जूनमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, आणि शहर हादरलं. पुढे २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र येऊन वस्त्यावस्त्यांत सांगू लागले, की बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, आपला कचरा उचलला तर बराचसा सुटतो. तेव्हा या मुद्द्यावर सहलीची बाजू मांडायची नाही. पंगत निर्दोष आहे, उष्टं नाही. पण उष्ट्यासाठी पंगतच बंद करा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की कडेकडेने साचणारा कचरा रविवारच्या डब्यातून नव्हे, बारा महिने तिथेच वाढत चाललेल्या शहरातून येतो.

उरला शेवटचा आक्षेप: माणसांना आत घ्यायचंच कशाला, दार लावून घ्यावं. लावता येईल. या डोंगरात विहार तलाव १८६० पासून आणि तुळशी १८७९ पासून आहे. त्यांच्या पाणलोटाचं रान पाण्याच्या काळजीने राखलं गेलं आणि तिथे आजही कोणाला सहज फिरकू देत नाहीत. पण आता मुंबईच्या पाण्यात या दोघांचा वाटा अगदी थोडा उरला आहे. उद्या कोणी म्हणालं, की एवढ्याशा पाण्यासाठी एवढी मोठी जागा कशाला अडवता, तर उत्तर द्यायला कोण उभं राहील? दारूबंदीचं काम न पिणाऱ्यांवर सोपवता येतं, जंगलाचं काम न जाणाऱ्यांवर सोपवता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेजारच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा माणसं अपरात्री घराबाहेर पडून तिथे धावली. ते सगळे काही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यातल्या कित्येकांची त्या झाडांशी ओळख खाली बसून भेळ खाण्यापुरतीच असावी, असा आपला अंदाज. तेवढी ओळख पुरली.

म्हणून जरूर जावं, डबा घेऊनच जावं. काकडी आणि पेरू घरून नेऊ नयेत. आतल्या पाड्यांवरच्या बाया तिखटमीठ लावून देतात ते घ्यावेत, त्यांच्या घराला तेवढाच हातभार. माकडाला काहीही देऊ नये, मारुतीची समजूत शनिवारी देवळात काढावी. खरकटं बांधून परत आणावं. आणि निघण्यापूर्वी वार पाहून घ्यावा, सोमवारी उद्यान बंद असतं.