जाता जाता टोमणा
शहाड स्टेशनबाहेरच्या एखाद्या क्लासात निळ्या पडद्याचा टर्बो सी आजही भेटला तर नवल वाटायला नको. प्रोग्रॅम चालतो, बेरीज बरोबर येते, आणि निघताना पडद्यावर उमटतं: ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. कुठल्या ओळीत? ते सांगत नाही. सोसायटीच्या सभेत चहा संपल्यावर हरकत घेणारे काका असतात ना, तसं.

स्मॉल मेमरी मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या तोंडाशीच, म्हणजे शून्य पत्त्यापाशी, टर्बो सीच्या मालकाची, बोरलँडची, कॉपीराइटची ओळ असते. प्रोग्रॅम संपताना तिच्या बाइट्सची बेरीज तपासली जाते. जुळली नाही, तर शून्य पत्त्यावर कुणीतरी खरडून गेलंय. म्हणजे मालकाची पाटी खरवडली तरच बोंब! चोर बहुधा ठरलेला: ग्लोबल ‘एन’ शून्य, आणि स्कॅनएफमध्ये अँपरसँड गाळलेला.

आपला जालीम उपाय मात्र वेगळाच. शेवटी ‘गेटच’ फंक्शन, म्हणजे पडदा थांबतो आणि टोमण्याआधीच आउटपुट जर्नलात उतरतं. सुरुवातीला क्लिअरस्क्रीन, म्हणजे मागचा टोमणा साफ. सही मिळते, मार्कही मिळतात.

मुलांनो, एकदा तरी वॉचमध्ये शून्य पत्ता लावा आणि एफ-७ दाबत ओळीओळीने चाला. तिथली किंमत ज्या ओळीला बदलेल, तिलाच पकडा.