घरची साखळी

मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरची मोटर जळालेली असताना, मी दोन लाख इथरचा मालक झालो. इथर म्हणजे इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचं चलन. एकेका इथरसाठी लोक लाखाच्या भाषेत बोलतात. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर भराभर वीस खाती उमटली, प्रत्येकात दहा हजार इथर. मी हिशेब केला, पुन्हा केला. एकतीस वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवलेल्या माणसाला एवढं ऐश्वर्य प्रथमच दिसत होतं. मोटरवाला मात्र साडेआठशे रुपये रोख मागत होता.

पुण्याहून भाची फोनवर होती. ‘‘मामा, ते खोटे आहेत हो. आणि त्या किल्ल्या जगात सगळ्यांकडे आहेत.’’

ते खरंच होतं. हार्डहॅट नावाचा हा प्रोग्रॅम ज्या बारा शब्दांवरून खात्यांच्या किल्ल्या बनवतो, त्यांतले अकरा शब्द ‘टेस्ट’ आहेत आणि बारावा ‘जंक’. म्हणजे अकरा वेळा परीक्षा आणि शेवटी भंगार. शिक्षकाच्या आयुष्याचा इतका नेमका सारांश मी कुठे वाचला नव्हता. ब्राझीलमधल्या पोराच्या लॅपटॉपवर आणि वर्ध्यातल्या माझ्या लॅपटॉपवर तीच वीस खाती. या खात्यांवर कुणी चुकून खरे पैसे पाठवले, तर टपून बसलेला कुणाचा तरी प्रोग्रॅम ते लगेच उचलून नेतो. म्हणून पडद्यावर तशी तंबीही लिहून येते.

हे सगळं सुरू झालं भिशीवरून. आमच्या गल्लीतल्या बारा बायकांची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी हजार. दिवाळीच्या महिन्यात एकीने पैसे दिले की नाही यावर वाद झाला. वही होती, पण वहीवर त्या दिवशी चहा सांडला होता, आणि तो नेमका त्याच ओळीवर. मी म्हणालो, अशी वही करून देतो की जिच्यावर चहा सांडत नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण थांबवलं नाही. निवृत्त नवऱ्याला काहीतरी उद्योग लागलेला बरा असतो.

भिशीचा करार संगणकाला कळेल अशा भाषेत लिहायचा आणि ब्लॉकचेनवर ठेवायचा, एवढाच बेत. पण खऱ्या साखळीवर एकदा लिहिलं की खोडता येत नाही. आमच्याच विदर्भातल्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीला, २०२२ साली जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या साखळीवर नोंदवायचं काम निघालं. पासष्ट हजार दाखल्यांचं. तिथे नोंद पक्की राहते हाच तर त्यातला फायदा. पण माझ्यासारख्या नवशिक्याची चूकही तेवढीच पक्की राहील, आणि वर प्रत्येक नोंदीला शुल्क. त्या शुल्काला ‘गॅस’ म्हणतात. हे मी घरात एकदाच बोललो. सिलिंडर आत्ताच आलाय, पुन्हा कशाला, असं स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

सरावासाठी सार्वजनिक जाळी असतात, तिथे फुकटचं खोटं इथर मिळतं. ते जिथून मिळतं त्याला ‘फॉसेट’ म्हणतात, म्हणजे चक्क नळ. आणि हा नळ अगदी आमच्या गल्लीतल्या नळासारखा: दिवसातून एकदा, तेही करंगळीएवढी धार, कधी कोरडाच. गोर्ली नावाच्या जाळ्यावर तर या खोट्या इथरचा इतका तुटवडा पडला की २०२३ मध्ये लोक ते खऱ्या पैशांनी विकत घ्यायला लागले. नकली नोटांचाही काळाबाजार होऊ शकतो, हे अर्थशास्त्र मला कुठल्याच पाठ्यपुस्तकातून शिकवावं लागलं नव्हतं. भाची म्हणाली, ‘‘नळाच्या रांगेत कशाला उभं राहता, घरात विहीर खणा.’’ घरची विहीर म्हणजे लॅपटॉपवरचं हे स्थानिक जाळं. एक आज्ञा टंकली की पाणी लागतं.

एका गोष्टीने मात्र मला या मंडळींबद्दल आपुलकी वाटली. इथेरियमच्या सरावाच्या जाळ्यांना रेल्वे स्टेशनांची नावं देतात. रोप्स्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमच्या मेट्रोवरची, कोवान सिंगापूरचं, गोर्ली बर्लिनचं, सेपोलिया अथेन्सचं. वर्धा जंक्शनवर अर्धं आयुष्य ‘गाडी किती लेट आहे’ विचारण्यात घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? स्टेशनं येतात आणि मागे पडतात. तशी यांतली बहुतेक जाळीही एकामागून एक बंद झाली. पॉलिगॉनवाल्यांनी तर आपल्या सरावाच्या जाळ्याचं नाव ‘मुंबई’ ठेवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई बंद झाली, आणि एकही टायर जळाला नाही.

मी माझ्या जाळ्याचं नाव ‘सेवाग्राम’ ठेवलं. सेवाग्राम हेही स्टेशनच आहे, पूर्वीचं वर्धा ईस्ट. पण मला त्याच्या नावाची दुसरी गोष्ट आठवत होती. गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव होतं शेगाव. तिकडे बुलडाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव. गांधीजींना देशभरातून पत्रं येत, आणि पत्रांचे थैले दोन शेगावांमध्ये घोटाळ्यात पडत. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. नेमकी हीच भानगड इथेरियमवर २०१६ साली झाली. साखळी फुटून दोन झाल्या, नाव-गाव-पत्ता सारखाच. एका साखळीवर सही करून पाठवलेला व्यवहार दुसरीवरही चालून जाऊ लागला. एक पत्र दोन्ही शेगावांत पोचल्यासारखं, आणि आत मनीऑर्डर! मग प्रत्येक साखळीला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि सही करताना तो क्रमांक लिहायची रीत पडली. मुख्य इथेरियमचा क्रमांक १, माझ्या घरच्या साखळीचा ३१३३७. हे मी बायकोला अगदी रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग आपल्याकडे पोस्टमन अजून शेजारचं लाइट बिल काहून टाकून जातो जी?’’

असो. भिशी चालू केली. खऱ्या भिशीला वर्ष लागतं. घरच्या साखळीवर घड्याळ हवं तेवढं पुढे ढकलता येतं. मी महिना पुढे सरकवला, बाराही खात्यांतून वर्गणी भरली, पुन्हा महिना. अर्ध्या मिनिटात संक्रांत, होळी, अधिक मास सगळं उरकलं. पहिल्या फेरीत शेजारच्या काकूंना चार वेळा भिशी लागली. ज्याला लागली त्याचं नाव चिठ्ठ्यांमधून काढायचं, ही साधी गोष्ट मी करारात लिहायला विसरलो होतो. हे खऱ्या साखळीवर झालं असतं तर काकूंनी एकाही हप्त्यावरचा हक्क सोडला नसता, आणि कराराप्रमाणे त्याच बरोबर ठरल्या असत्या!

चिठ्ठी हा प्रकार तर मोठा अवघड निघाला. ब्लॉकचेनवर प्रत्येक संगणकाला तेच गणित करून तेच उत्तर यावं लागतं; मग त्यात नशीब आणायचं कुठून? ब्लॉकमधल्या आकड्यांवरून काढलं, तर ब्लॉक बनवणारा ते आपल्या बाजूला झुकवू शकतो. आमच्या भिशीत हा प्रश्न स्टीलचा डबा आणि कुणाची तरी पाच वर्षांची नात मिळून सोडवतात, आणि तिला एक गोरसपाक बिस्कीट पुरतं. सरावापुरतं मी ब्लॉकमधल्या आकड्यांवरच भागवलं. दुरुस्त केलेल्या भिशीत बायकोचा नंबर बाराव्या महिन्यात लागला. सगळ्यांत शेवटी. हे मी तिला उत्साहाच्या भरात दाखवलं, आणि संध्याकाळचा चहा मला स्वतः करावा लागला.

चहा गाळत होतो तेव्हा वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच म्हातारी, तोही गेला. वीज आल्यावर आज्ञा पुन्हा टंकली. साखळी शून्यापासून उभी राहिली. वर्षभराची भिशी, काकूंचे चार हप्ते, सगळं धुऊन निघालेलं; वीस खाती पुन्हा कोऱ्या चेहऱ्याने दहा दहा हजार घेऊन हजर. ही साखळी सगळं मेमरीतच ठेवते. बंद केली की विसरली.

विसरलं नव्हतं ते पाकीट. मेटामास्क नावाचं पाकीट ब्राउझरमध्ये असतं, आणि आपण किती व्यवहार केले ते मोजून ठेवतं. मी नवा व्यवहार पाठवला तर नकार. पाकीट म्हणे, हा अडतिसावा. साखळी म्हणे, मी तर याला ओळखतही नाही, पहिल्यापासून सुरुवात करा. दोघांचं भांडण मला कळेना. भाचीने सांगितलं, पाकिटाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यालाही जुनं विसरायला लावा. ते केल्यावर दोघांचं जमलं.

बायको दारात उभी राहून हे पाहत होती. ‘‘काय झालं?’’

‘‘पुसलं गेलं सगळं. पहिल्यापासून चिठ्ठ्या काढाव्या लागतील.’’

‘‘म्हणजे तो माझा बारावा नंबर?’’

‘‘तोही गेला.’’

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. ‘‘चांगलं यंत्र आहे जी,’’ ती म्हणाली. ‘‘काढा आता. माझा नंबर दिवाळीच्या आत लागेपर्यंत काढा.’’