साडेचारच्या आत बोटीत

तेहतीस वर्षं मी मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला. त्यात बंदरांचा धडा दरवर्षी यायचाच. ‘कोची हे नैसर्गिक बंदर आहे’ हे वाक्य मी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल, त्याला गणती नाही. समुद्र पोरांनीही पाहिलेला नव्हता आणि गुरुजींनीही. फळ्यावर निळा खडू फिरवला की झाला अरबी समुद्र. निळा खडू संपला तर त्या वर्षी समुद्र हिरवा.

निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या मुलानं क्रूझची तिकिटंच हातात ठेवली. मुंबई ते कोची आणि परत, खाणंपिणं त्यातच, शिवाय गॅलरीची खोली. हे ऐकून हिचे थोरले भाऊ अण्णा लातूरहून फोनवर म्हणाले, “दाजी, तुम्ही दोघंच जायलात व्हय? माझं बी तिकीट काढा, पैसे देतो.” अण्णांची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे. तूर हातात घेऊन नुसती खळखळवली तरी ते ओल सांगतात. असा माणूस सोबत असलेला बरा, म्हणून आम्ही तिघं देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला उतरलो आणि बॅलार्ड पिअरला बोटीत चढलो.

दुसरा अख्खा दिवस फक्त पाणी. एवढं पाणी एकदम बघायची आम्हाला सवय नाही. हिचं माहेर लातूर म्हणजे 2016च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते. तेव्हापासून नळाच्या बाबतीत ही फार कडक. बोटीवर पाऊल ठेवल्यापासून ती गळका नळ शोधत होती. बेसिनपाशी दात घासणाऱ्या एका बाईंना तिनं, “ओ ताई, नळ!” म्हणून दटावलंसुद्धा. त्या ताई दिल्लीच्या निघाल्या, पण नळ त्यांनी मुकाट्यानं बंद केला. अण्णा कठड्याला टेकून अर्धा तास समुद्र बघत होते. मला वाटलं, माणूस हरवला. मग म्हणाले, “सगळं खारं. उपयोग काय ह्याचा?”

तिसऱ्या दिवशी सकाळी कोची आली. भोंग्यावर सूचना झाली की आठ वाजल्यापासून उतरता येईल, साडेचारच्या आत परत या, बोट कुणासाठीही थांबणार नाही. हे शेवटचं वाक्य आम्हा तिघांनाही लागलं. आमच्याकडं एसटीसुद्धा थांबते. ‘ओ मास्तर, माय येऊलाली, दम खा जरा’ म्हटलं की कंडक्टर घंटीच्या दोरीवरचा हात काढतो. एवढे पैसे मोजून घेतलेल्या बोटीनं दम खाऊ नये?

आणि मग जमिनीवर पाय ठेवला तर जमीनच हलायला लागली. दीड दिवस बोटीवर काढला की अंग डोलायचं थांबत नाही, हे मला पुस्तकात कुठं भेटलं नव्हतं. अण्णा मटकन खाली बसले आणि ओरडले, “दाजी, भूकंप!” मी हसलो नाही. 30 सप्टेंबर 1993ची पहाट ज्यानं लातुरात काढली, त्याच्यापुढं या गोष्टीवर हसायचं नसतं. दोन मिनिटांनी त्यांनी आजूबाजूला बघितलं. विजेच्या तारा स्थिर, हमाल स्थिर, फक्त बोटीवरून उतरलेली माणसं झोकांड्या खात होती. “आपलंच डोकं फिरायलंय,” असा निवाडा करून ते उठले.

आम्ही ज्या जमिनीवर उभे होतो तिचंही एक प्रकरण होतं. विलिंग्डन बेट. माझ्या भूगोलाचा पहिला खून तिथंच पडला. हे बेट मुळात एवढं मोठं नव्हतंच. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं बाहेरच उभी राहायची. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर आला. त्यानं तो बांध कापला, आतलं पाणी खोल केलं आणि उपसलेला गाळ टाकून टाकून हे एवढं बेट उभं केलं. नाव दिलं व्हाइसरॉयचं. म्हणजे मी तेहतीस वर्षं पोरांना ‘नैसर्गिक’ म्हणून सांगत होतो त्या बंदराला माणसाचा एवढा हात लागलेला! अण्णांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. त्यांनीही सरकारी योजनेतून तलावातला गाळ ट्रॅक्टरनं आणून शेतात टाकलाय. “वीस खेपा टाकल्या मी,” ते म्हणाले. “नाव कुणाचं द्यावं ते सुचलं नाही.”

फाटकाबाहेर रिक्षावाल्यांचा घोळका होता. प्रत्येकाच्या हातात फोटोंचा पुठ्ठा. एकानं मोडक्या हिंदीत विचारलं, “बोटिंग?” मी म्हटलं, “बाबा रे, आत्ताच उतरलो.” त्याला वाटलं मी भाव करतोय. त्यानं पन्नास रुपये कमी केले. शेवटी ‘पाण्यात पाय न घालता जे दाखवता येईल ते’ या अटीवर आम्ही त्याची रिक्षा ठरवली.

फोर्ट कोचीला पहिल्यांदा सेंट फ्रान्सिसचं चर्च. आत जमिनीत एक चौकोन कठडा घालून राखलाय. तिथं वास्को द गामाला पुरलं होतं. हा गृहस्थ माझ्या जुन्या ओळखीचा. 1498 साली कालिकतला आला, यावर मी दर चाचणीत दोन मार्क ठेवायचो. पण तो पुन्हा पुन्हा आला, आणि 1524च्या डिसेंबरात इथंच कोचीत वारला, हे धड्यात नव्हतं. त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले ते 1539 साली. अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे ह्याची बोट चुकली, आन् पुढची पंधरा वर्षांनी घावली.” मी घड्याळ बघितलं. साडेदहा. ही कुठं गेली म्हणून बाहेर आलो तर चर्चच्या आवारातला एक नळ दोन्ही हातांनी आवळत होती.

किनाऱ्यावर ती चिनी जाळी. फोटोत फार नाजूक दिसतात. जवळून बघितलं तर लाकडी वाशांचा अजस्र सांगाडा, एका टोकाला जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांवर लटकवलेले धोंडे. चार-पाच माणसं दोर ओढतात, धोंडे खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर उचललं जातं. अण्णा खूश. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना कळणारी गोष्ट दिसली होती. “अहो, ही तर आपली मोट! बैल तेवढे नाहीत.” तेवढ्यात एका कोळ्यानं खुणेनं बोलावलं आणि बैलाची ती रिकामी जागा अण्णांनी भरून काढली. अंगातला सदरा सावरत त्यांनी दोर ओढला. जाळं वर आलं. त्यात तीन बोटभर मासे, एक खेकडा आणि पाण्याची रिकामी बाटली. कोळ्यानं हसत हात पुढं केला. ओढण्याबद्दल मजुरी मिळणार असं अण्णांना वाटलं होतं, ती द्यायची निघाली.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. केळीच्या पानावर भात आला, दाणा जाडा आणि लालसर. खोबरेल तेलातली भाजी आली. ही एक घास खाऊन म्हणाली, “डोक्याला लावायचं ते पोटात कसं घालायचं?” आणि पिशवीतून धपाटे काढले. चार दिवसांपूर्वीचे. बोटीवर बाहेरचं खाणं न्यायला बंदी होती. ते मशीनमधून कसे सुटले, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग मट्टनचेरी. ज्यूंचं 1568 सालचं प्रार्थनामंदिर बघायचं मी घरून ठरवून आलो होतो. दार बंद. शनिवार होता, त्यांचा विसाव्याचा वार. शनिवारी मारुतीच्या देवळात रांगा लावणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही. मी बंद दाराचा फोटो काढत असताना अण्णा गायब झाले.

ते सापडले मिऱ्याच्या दुकानात. त्या गल्लीत मिरी, सुंठ, वेलदोडा यांचा वास असा कोंदलेला की शिंक अर्ध्यातच अडते. ज्या मालासाठी वास्को आफ्रिकेला वळसा घालून आला, त्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून अण्णा बसले होते. मिरी खळखळवली, एक दाणा दाताखाली फोडला, ओल सांगितली. दुकानदाराच्या भुवया वर गेल्या. मग अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. आमच्याकडं जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आहे. दुकानदाराला वाटलं, पाहुण्याच्या हाताला लागलंय. तो मलम घेऊन आला.

ही माझ्या कानाशी कुजबुजली, “लुटायला बसलाय बघा हा.” त्यावर दुकानदार शांतपणे तिच्याकडं वळून कोकणीत बोलायला लागला. आम्हाला निम्मं समजलं, पण ते निम्मं पुरेसं होतं. तो लुटत नव्हता, त्याचं दुकान आज्याच्या वेळचं होतं आणि बाईंनी चहा घ्यावा. गोव्यातून पोर्तुगीज अमलाला कंटाळून निघालेली कोकणी कुटुंबं शतकांपूर्वी इथं येऊन राहिली. डचांनी मलबारच्या वनस्पतींवरचा जो बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला छापला, त्याच्या 1678च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. हे सगळं मी हिला तिथल्या तिथं सांगितलं. तिनं लाल होऊन चहा घेतला आणि भरपाई म्हणून अर्धा किलो वेलदोडा. इतका वेलदोडा आम्हाला या जन्मात लागणार नाही.

अण्णांनी पाच किलो मिरी घेतली. ती तोलताना त्यांना काटा तपासावासा वाटला. तपासला. मग आपली तूर कशी असते याचं वर्णन मराठीतून, त्याच्या मिऱ्याचं वर्णन कोकणीतून, आणि दोघांच्या बाजारभावावरच्या शिव्या दोन्हीतून. मी घड्याळ दाखवलं तेव्हा चार वाजायला आले होते.

“वास्को व्हायचंय का?” मी ओरडलो.

परतीची रिक्षा पुलावर अडकली. ही मांडीवर एक लोखंडी विळी घेऊन बसली होती, नारळ खवायची. कधी घेतली देव जाणे. धक्क्यावर पोचलो तेव्हा चार वाजून सव्वीस मिनिटं. मशीननं मिरी सोडली, वेलदोडा सोडला आणि विळीपाशी बोंब मारली. पातं बोटीवर चालत नाही, ठेवून घेतो, मुंबईला उतरताना मिळेल, असं म्हणून त्यांनी एक पावती दिली. ‘हत्यार, नग 1.’ ही पावती मुखेडला आमच्या कपाटात आधार कार्डाशेजारी ठेवलेली आहे.

बोट खरंच कुणासाठी थांबली नाही. अण्णा कठड्याशी उभे राहून लांब जाणाऱ्या त्या गाळाच्या बेटाकडं बघत होते. ते काहीच बोलले नाहीत, एवढंच मी नोंदवून ठेवतो.

रात्री डोळा लागला असेल नसेल, हिनं मला हलवलं.

“अहो, ऐकायलात का? पाण्याचा आवाज येतोय.”

“समुद्र आहे तो.”

“ते असू द्या. नळ बघून या.”