एकट्याचा कोरस

कोरसवाला चाळिशी ओलांडलेला असतो, बहुधा आयटीत असतो, आणि कॉलेजात त्याचा बँड होता. पुढे ड्रमर न्यू जर्सीला गेला, बेसवाल्याला जुळी झाली आणि गाणारा विपश्यनेला जाऊन आला तो बोलेनासाच झाला. उरला हा. मग त्याला कोरस सापडला.

कोरस म्हणजे गिटारवाल्याच्या पायापाशी पडलेली धातूची डबी. छेडलेला सूर ती जसाच्या तसा पुढे सोडते आणि त्याचीच एक नक्कल काही मिलिसेकंद उशिरा मागून धाडते. हा उशीर सारखा कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे नक्कल किंचित चढते, किंचित उतरते. गणपतीच्या आरतीत नाही का, सगळे एकच ओळ म्हणतात, पण कुणी अर्धा श्वास मागे, कुणी कणभर वर, आणि त्यामुळेच सगळं कसं भरल्यासारखं वाटतं? तेच हे. वाजवतो एकटा, ऐकू येतात चौघं. ज्याचे तिघे पांगले, त्याने या डबीवर जीव टाकला तर त्याला नावं का ठेवा?

तो मात्र असलं काही कबूल करत नाही. तो इतिहास सांगतो. 1975चा रोलँडचा जॅझ कोरस अँप, त्यातलंच सर्किट घेऊन 1976 साली आलेला बॉसचा सीई-वन, मग 1979चा आकाशी रंगाचा सीई-टू. याला नॉब दोनच, रेट आणि डेप्थ. दोन नॉब फिरवण्यात माणसाची अर्धी हयात कशी जाते, हे त्याच्याकडे पाहून कळतं. त्याच्यासमोर 'डिजिटल' म्हणू नये. जुन्या चिपमध्ये सूर हजारभर टप्प्यांतून हातोहात पुढे सरकतो, वाटेत जरासा मळतो, आणि ह्याला हवा असतो तो मळच. फ्लँजर आणि कोरस एकच ना, असं तर चुकूनही विचारू नये. जेवण गार होतं.

मग तो बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू दाखवतो. "चंदेरी आहे, बघ. म्हणजे सुरुवातीचा माल. काळा असता तर मी हातसुद्धा लावला नसता." त्या स्क्रूपायी डबी जपानहून आलेली असते, आणि घरी किंमत सांगताना तिच्यातलं एक शून्य कस्टममध्येच अडकून राहतं.

कुणी कोरसला ऐंशीच्या दशकातलं गुळमट प्रकरण म्हणालं, की तो कर्ट कोबेनला पुढे करतो. त्या विटक्या स्वेटरवाल्या बंडखोरानेही 'कम अ‍ॅज यू आर'मध्ये स्मॉल क्लोन नावाचा कोरसच लावला होता. मुद्दा बिनतोड आहे. लगेच मान्य करून टाकावा.

त्याच्या आईचं निदान निराळं. "अरे, व्होल्टेज कमी-जास्त होतंय वाटतं. फ्रिज बंद करू का?"

जॅझ कोरस अँप अर्थातच त्याच्या खोलीत आहे. कपाट हलवलं, पण तो आणला. बारा इंची दोन स्पीकर, एकातून सरळ सूर, दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोघांची भेट थेट हवेत. ती भेट नेमकी कुठे होते ते त्याने शोधून ठेवलंय. "इथे उभा राहा. नाही, अर्धा फूट डावीकडे. मान हलवू नकोस." आपण पुतळा होतो. तो एक कॉर्ड छेडतो. गाणं नाहीच, कॉर्ड एकच, तोही हवेत विरेपर्यंत. पायाने खटका. पुन्हा तोच कॉर्ड.

"वा! काय भरलाय!" आपण म्हणतो.

"अरे, आत्ता बंद केलाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणते, "आणि मघाशी लावलास तो कालचा नव्हे. कालचा जरा सावकाश डुलायचा. हा कधी घेतलास?"

पकडला गेल्याचं भान त्याला नसतंच. तो गिटार गळ्यात तशीच ठेवून स्वयंपाकघराकडे धावतो. "तुला कळलं? खरंच कळलं?"