न झिजलेल्याची चौकशी

चाक उतरवलं, एक ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत संपलेला आणि त्याचाच जोडीदार नव्यासारखा जाड निघाला, की गॅरेजात सगळ्यांची बोटं झिजलेल्याकडे वळतात. ‘पॅड गेले साहेब, सेट टाकू,’ एवढ्यात निकाल लागतो. माझं म्हणणं, हा खटलाच उलटा चालवला जातो. झिजणं हा पॅडचा गुन्हा नव्हे, ती त्याची नोकरी. चौकशी करायचीच तर आधी जो झिजला नाही त्याची करावी. हाऊसिंग सोसायटीच्या कमिटीत पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत सगळं निस्तरून सेक्रेटरी वाळत जातो आणि खजिनदार मात्र तुकतुकीत राहतो, तेव्हा सेक्रेटरीला टॉनिक देऊन भागत नाही. खजिनदार मीटिंगला येतो का, हे बघावं लागतं.

पुरावा म्हणून १९९३ साली आलेली झेन घ्या, नाहीतर १९९८ ची सँट्रो. आरटीओत पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करून घेऊन अजून फिरणाऱ्या या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. एका पिस्टनने दोन पॅड कसे दाबायचे? पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. डिस्क काही हटत नाही, म्हणून कॅलिपरचं धूडच दोन पिनांवरून उलट्या दिशेला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतं. शाळेत नुसता पाठ केलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे रोज राबत असतो. सगळी भिस्त बोटाएवढ्या त्या पिनांवर. त्यांच्यावरचा रबरी बूट फाटला, पावसाळ्याचं पाणी आत शिरलं, ग्रीस वाळून खडखडीत झालं, की कॅलिपर जागचा हलत नाही. मग आतला पॅड एकटा मरमर मरतो आणि बाहेरचा नुसती हजेरी लावतो. यातली खरी गंमत अशी, की चाकाच्या फटीतून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचाच. मालक वाकून बघतो, जाडजूड पॅड पाहून खूश होतो आणि कसारा घाट उतरायला निघतो. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड करकरेपर्यंत आतल्याची हाक कुणाला ऐकूच येत नाही.

पॅडच तिरका झिजला असेल, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर दोनपैकी एकच पिन जाम आहे असं समजावं, किंवा पॅडचा कान गंजलेल्या ब्रॅकेटमध्ये अडकलाय असं. काही कॅलिपरमध्ये दोन्ही पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. मागच्या खेपेला कुणी घाईत वरची खाली आणि खालची वर घातली असेल, तर दोष पिनेचा नाही. आणि ग्रीस! डब्यात जे सापडेल ते साधं ग्रीस बोटाने चोपडण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्या ग्रीसने पिनेवरचं रबर फुगतं, आणि जी पिन मोकळी व्हायला हवी होती तीच पुन्हा घट्ट बसते. तिथे सिलिकोनचं ग्रीस लागतं. त्याची ट्यूब स्वस्त नसते हे कबूल. पण पॅडच्या सेटपेक्षा स्वस्त असते.

यावर जाणकार मेकॅनिक म्हणेल, ‘प्रत्येक वेळी झिजलेला निर्दोष कसा? पिस्टन अडकला तर तोच पॅड डिस्क सोडत नाही.’ आक्षेप बिनतोड आहे, आणि माझ्या सिद्धांताला तेवढी दुरुस्ती मी करतो. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचं चौकोनी कडांचं रबरी सील दाबाने किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टनवर गंज चढला की तेवढं बळ पुरत नाही. तेव्हा झिजलेले दोन प्रकारचे: दुसऱ्याचं काम करणारे, आणि काम संपलं तरी न सोडणारे. डाव्या चाकाचे पॅड झिजले आणि उजव्याचे नाहीत, तर हा फरक ओळखायला ताप बघावा. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता गाडी फिरवून आणावी आणि दोन्ही चाकांजवळ हात न्यावा, लावू नये. डावं भट्टीसारखं तापलं असेल तर ते सोडत नाही. दोन्ही सारखीच कोमट, पण ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते, तर आळशी उजवं आहे, डाव्याला हात लावायची गरज नाही. तापलेलं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवावं. फिरत नसेल तर ब्लीडिंगचं निपल सैल करावं. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब आत कोंडला होता, म्हणजे बहुधा रबरी होज आतून फुगलाय: पायाच्या जोरावर तेल पुढे जातं, पण परतीला जोर नसल्याने तिथेच मुक्काम करतं. बाहेरून हा होज अगदी धडधाकट दिसतो. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा पिना.

‘एवढा खल कशाला, थोडाफार फरक असतोच,’ हा दुसरा आक्षेप. असतो खरा, आतला पॅड जरा जास्त झिजणं नेहमीचंच. पण नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड, ३ च्या आसपास आला की बदलायचा. एवढ्या भांडवलात जोडीदारांमध्ये अर्ध्याचा फरक ‘थोडाफार’ म्हणून खपवता येत नाही. आणि कारण न शोधता नवा सेट टाकला तर नव्या आतल्या पॅडलाही तीच ड्युटी लागते. बिलात पॅड दिसतात, पिना साफ करायची मजुरी दिसत नाही, म्हणून ती टाळली जाते. उपाय साधा आहे: जुने चारही पॅड भंगारात जाण्याआधी मागून घ्यावेत, पाठीवर खडूने डावा-आतला, डावा-बाहेरचा, उजवा-आतला, उजवा-बाहेरचा असं लिहावं आणि गॅरेजच्या फरशीवर एका रांगेत मांडावेत. पोऱ्या हसेल. हसू द्यावं, आणि सगळ्यात जाड पॅड ज्या कॅलिपरमध्ये बसला होता त्याच्या पिना आधी काढायला सांगाव्यात.