हाती करवंटी

मराठीत हाती करवंटी येणं म्हणजे भिकेला लागणं. माझ्या हाती ती निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात आली, आणि तीही मी होऊन बंबाशेजारच्या ढिगातून निवडून घेतली.

आधीचे दोन महिने मी घरात शेरे मारत हिंडत होतो. चौतीस वर्षं फायलींवर मारले, हात असा एकाएकी कसा थांबेल? आमटीत मीठ कमी पडलं की तोंडून निघायचं, "दुरुस्तीसह पुन्हा सादर करावी." शेवटी ही म्हणाली, "एखादा छंद लावून घ्या." त्यातलं 'घ्या' काढा घ्या, चूर्ण घ्या यातलं होतं.

करवंटी घासणं हे काम दिसतं तसं नाही. आधी काचेच्या तुकड्यानं वरचे केस खरवडायचे. मग पॉलिश पेपर, पहिला जाड, मग बारीक. दोन तासांत नखं, मिशी आणि चष्मा एकाच तपकिरी रंगाचे होतात. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की ती शिसवीसारखी काळीभोर चमकते आणि त्या क्षणी आपण कलावंत असल्याची माणसाची खात्रीच पटते. अडचण एकच. करायचा पेनस्टँड आणि करवंटीचं बूड गोल. पेन ठेवलं की पेनस्टँड आडवा. त्यावर मी हिची जुनी बांगडी खाली चिकटवली आणि बुडाला तारखेसह सही केली. हो, सही. त्याच सहीसाठी एके काळी माणसं बाहेर बाकावर तासतासभर बसत.

नारळ काढायला पाडेली आला होता. माडावरून उतरून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, घासताव कशाला? बंबात तशाच जळत नाय काय?"

त्याचं सोडा. पण एका शेजारणीला मी प्रेमानं पेनस्टँड भेट दिला होता, तो पुढे त्यांच्या मोरीत दिसला. आत घासणी. सही खालच्या बाजूला होती म्हणून झाकली गेली, एवढंच समाधान.

अशा दिवशी मला थिबा राजा आठवतो. (ही म्हणते, तुम्हाला कशावरूनही थिबा आठवतो. खरं आहे.) माझ्या मते रत्नागिरीतले पहिले नामांकित पेन्शनर तेच. ब्रह्मदेशचं राज्य इंग्रजांनी 1885 साली घेतलं तेव्हा राजाचं वय 26. आमच्याकडे त्या वयाला लोक नोकरीला लागतात, हे गृहस्थ सक्तीनं निवृत्त झाले. पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. सरकारी भत्ता, सरकारी पहारा आणि समोर समुद्र. मोठा राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं, म्हणजे सरकारी बांधकामाची चाल तेव्हाही हीच होती. 1916 च्या डिसेंबरात ते गेले, वय 57. आम्हा राज्य सरकारी नोकरांना 58 पुरी झाल्यावर घरी पाठवतात. राजेसाहेबांची एकतीस वर्षांची निवृत्ती त्याआधीच संपली होती. मी राजवाड्यावर गेलो की त्या उतरत्या छपरांखाली उभा राहून हटकून एकच विचार करतो, यांना कुणी दोन करवंट्या आणि पॉलिश पेपर आणून द्यायला हवा होता.

हे सगळं मी परवा दुपारी हिला (कितव्यांदा तरी) सांगत होतो. ओघात थिबाच्या नातीवर आलो. थोरल्या राजकन्येची मुलगी, टुटू. ती रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, शेणी थापून आणि कागदाची फुलं करून विकायची. मी म्हटलं, "बघ, राजघराण्यातही हस्तकला!"

ही फुलवाती करत होती. मान वर न करता म्हणाली, "तिची फुलं नाही विकली तर चूल पेटायची नाही. तुमचा पेनस्टँड नाही विकला तर बंब पेटेल."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तिच्या हातांकडे बघत बसलो. चिमूटभर कापूस, त्यातला कचरा काढून तो गोल पसरायचा, मधे उचलून धरायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून शेंडा वळायचा. तबकात फुलवात ताठ उभी. बूड गोल असून लवंडत नव्हती. गेली छत्तीस वर्षं दुपारची भांडी झाली की ती हे करते आहे. श्रावणात तर शेजारच्या दोन घरांसाठीही. त्याला छंद म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच. मी कचेरीतून आलो की तबक उचलून बाजूला ठेवायचो आणि त्या जागी चहाचा कप ठेवायचो.

"मी करू का एक?" म्हटलं.

तिनं कापूस पुढे केला. माझी वात म्हणजे पावसात भिजलेला सुरवंट. तिनं ती हातात घेतली, उलगडली, परत वळली आणि इतर वातींमध्ये उभी करून ठेवली. शेरा काही मारला नाही.

सध्या दुपारी अर्धा तास मी कापूस निवडून देतो. वळायची परवानगी अजून मिळालेली नाही. आणि हो, पेनस्टँड एकोणीस शिल्लक आहेत. पैसे नकोत, ज्याला हवा त्यानं येऊन घेऊन जावा. सही मात्र पुसून मिळणार नाही.