थांबेकर

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील वाचकाला थांबेकराची ओळख करून देण्याचे कारण नाही. प्रत्येक गृहसंकुलात तो किमान एक असतो, आणि आपल्या संकुलात तो नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच घरातील कर्त्या पुरुषाकडे एकदा नीट निरखून पाहावे. थांबेकर हे त्याचे खरे आडनाव नव्हे. समोरच्याचा घास ताट आणि तोंड यांच्या बरोबर मध्यावर पोहोचला की उजव्या हाताचा पंजा चौकातल्या हवालदारासारखा उभारून "थांबा!" असे म्हणण्याची जी त्याची खोड, तिच्यावरून हे नाव येथे योजले असून ते तिन्ही नगरांतील त्याच्या सर्व भाऊबंदांना लागू समजावे. समोरच्याच्या मानाप्रमाणे या क्रियापदाचे रूप पालटते, म्हणजे साहेबांना ते "थांबा सर", पत्नीला "अगं थांब" आणि मुलाला "ए, थांब रे" असे होते. पंजा मात्र सर्वांना एकच. काही वर्षांपूर्वी हाच गृहस्थ मिसळीपाशी लोकांना अडवीत असे, पुढे पिझ्झ्याचा त्रिकोण कसा दुमडावा याचे शास्त्र त्याने सांगून पाहिले, आणि सध्या त्याचे अधिष्ठान सुशी हे आहे.

सुशी म्हणजे तांदळाचा शिरका, साखर आणि मीठ कालवून किंचित आंबट केलेला चिकट भात, आणि त्याच्या जोडीला मासा, अंडे किंवा भाजी. भाताचा लांबोडा गोळा हाताने दाबून वर माशाची चकती ठेवली की तिला निगिरी म्हणतात. आणि नोरी नावाच्या वाळवलेल्या समुद्रशैवालाच्या कागदासारख्या पातळ तावावर भात पसरून, बांबूच्या लहानशा चटईने त्याची वळकटी करून तिचे तुकडे पाडले, की ती माकी होते. नुसत्या कच्च्या माशाला साशिमी म्हणतात आणि साशिमी म्हणजे सुशी नव्हे, हा थांबेकराचा पहिला धडा असून तो बरोबर आहे. किंबहुना त्याचे धडे सुटेसुटे घेतल्यास बहुतेक बरोबरच असतात, आणि त्याचा राग येण्याचे एक कारण तेच आहे.

मुंबईत २००४ मध्ये ताजमहाल पॅलेस हॉटेलात ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झाले तेव्हा सुशी ही बड्या लोकांची गोष्ट होती; नंतर ती उपनगरांतून उतरत उतरत कल्याणच्या पलीकडे आली. या तीन नगरांत ती जेथे मिळते ते ठिकाण बहुधा मूळचे चायनीज असते, जेथे मेनूकार्डावर मांचुरियन, शेझवान राइस आणि मोमो यांची पाने उलटल्यावर अगदी शेवटी सुशी येते, आणि तीही पनीरची, काकडीची किंवा क्रीम चीज भरलेली. गिऱ्हाइकाने मागितल्यास जैन सुशीही होते, आणि मग तिच्यासोबतचे आल्याचे लोणचे काढून घ्यावे लागते, कारण आले जमिनीखाली वाढते. या लोणच्याला गारी म्हणतात आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जिभेवरची आधीची चव पुसण्यासाठी ते खायचे असते. शेजारच्या टेबलावर अशी गारीविरहित थाळी जाताना दिसली की थांबेकराचा पंजा आपोआप उठतो, परंतु अनोळखी कुटुंबाला थांबविण्याइतका तो धीट नसल्याने तो पंजा वेटरला पाणी आणण्याची खूण म्हणून वापरून घेतला जातो.

स्वतःच्या टेबलावर मात्र त्याचे राज्य असते. पत्नी, दोन मुले, आई आणि तो स्वतः अशी पाच माणसे असतात, मध्ये आठ तुकड्यांची एक थाळी असते, आणि पोट भरण्यासाठी नंतर ट्रिपल शेझवान राइस येणार असल्याचे सर्वांना ठाऊक असते. मुलगा पहिला तुकडा सोया सॉसमध्ये बुडवू लागतो. "थांब! भात बुडवायचा नाही. उलटा कर, माशाची बाजू बुडव." हा नियम निगिरीचा असून थाळीत निगिरी नाही आणि मासाही नाही, पनीर आहे, तरीही मुलगा आज्ञाधारकपणे तुकडा फिरवून पाहतो आणि गोल तुकड्याला माशाची बाजू कोणती असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. मुलगी चॉपस्टिकने प्रयत्न करू लागते तेव्हा "थांब" म्हणून तिला सांगण्यात येते की सुशी मुळात हाताने खायची वस्तू आहे, आणि तेही खरेच आहे: एडो, म्हणजे आजचे टोकियो, येथे हानाया योहेई याच्या नावाशी जोडली जाणारी निगिरी १८२० च्या दशकात लोकप्रिय झाली ती रस्त्यावर उभ्याने खाण्याचा पदार्थ म्हणून, आपल्याकडील वडापावाच्या धर्तीवर. हे ऐकून पत्नी हाताने तुकडा उचलते. "अगं थांब! चॉपस्टिक कशाला दिल्यात मग?"

येथे हेही नोंदविले पाहिजे की अंबरनाथ स्टेशनपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर जे शिवमंदिर आहे, ज्याच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे, ते थांबेकराने शाळेच्या सहलीनंतर पाहिलेले नाही. एडोचा इतिहास मात्र तो लोकल गाडीत मोबाइलवर पाहून मुखोद्गत करतो.

त्याच्या विद्येची खरी परीक्षा त्याची आई घेते. थाळीच्या कडेला वसाबीची हिरवी गोळी असते, ती चटणी समजून आई पूर्णच्या पूर्ण बोटावर घेते, आणि "आई, थांब, थांब!" असा दुहेरी इशारा मिळेपर्यंत ती गोळी तोंडात गेलेली असते. टेबलावर क्षणभर शांतता पसरते. आईच्या डोळ्यांत पाणी येते, ती पदराने नाक टिपते आणि शांतपणे म्हणते, "मोहरी आहे की रे ही. बरी फेसलीय." थांबेकर तिला समजावू लागतो की ही मोहरी नसून जपानच्या डोंगरी झऱ्यांत वाढणारी एक दुर्मीळ वनस्पती आहे. वस्तुस्थिती अशी की खरी वसाबी अत्यंत महाग आणि किसल्यावर लवकर वास उडून जाणारी असल्यामुळे जगभरच्या साध्या सुशीगृहांत जी हिरवी गोळी मिळते ती मुख्यतः हॉर्सरॅडिश नावाचे तिखट मूळ, मोहरीची पूड आणि हिरवा रंग यांची बनलेली असते. शिवाय वसाबी काय आणि मोहरी काय, दोन्हींत पेशी चिरडल्यावरच तयार होणारे आणि जिभेपेक्षा नाकाकडे धाव घेणारे द्रव्य एकच आहे. कोशिंबिरीसाठी मोहरी नाकाला झोंबेपर्यंत फेसण्यात ज्या बाईची चाळीस वर्षे गेली, तिने हे निदान एका घासात केले, आणि तिच्या मुलाला ते पटले नाही. पुढचा तुकडा उचलून तिने "ही अळूवडी, तळायची राहिलीय," असा दुसराही अभिप्राय दिला, जो रचनेच्या दृष्टीने निर्दोष असला तरी थांबेकराच्या पत्नीला हसू आवरले नाही म्हणून अधिक लागला.

थांबेकराच्या सर्व थांबण्यांच्या मुळाशी ‘ओरिजिनल’ हा एक शब्द आहे. समोर आलेली वस्तू ओरिजिनल नाही, असे तो दर खेपेस सांगतो, आणि उल्हासनगरात बसून सांगतो, हे विशेष. ‘मेड इन यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून ज्या गावाच्या नक्कलकौशल्यावर सबंध देश दोन पिढ्या हसला, त्या गावाला ओरिजिनलचे पाठ देण्यास धाडस लागते. शिवाय सुशीचा वंशवृक्ष काढू गेल्यास थांबेकराची पंचाईत होते. कच्चा सामन मासा जपानी लोक पूर्वी सुशीत घालीत नसत. नॉर्वेला आपल्याकडचा शेतीतला सामन विकायचा होता म्हणून १९८० च्या दशकात त्या देशाने जपानमध्ये चिकाटीने प्रचार केला आणि तेव्हापासून तो रुळला. भात बाहेर आणि नोरी आत अशी उलटी वळकटी, जिला कॅलिफोर्निया रोल म्हणतात, ती उत्तर अमेरिकेत जन्मली. तिच्यात खेकडा म्हणून जी तांबड्या काठाची कांडी असते ती सुरीमीची, म्हणजे माशाचा धुतलेला लगदा वळून केलेली असते, आणि अशा सुरीमीच्या जगातील मोठ्या उत्पादकांत रत्नागिरीच्या गद्रे मरीनचे नाव घेतले जाते. ज्या कांडीला थांबेकर ‘इम्पोर्टेड क्रॅब’ म्हणतो तिला कोकणची हवा लागलेली असण्याचा संभव त्यामुळे नाकारता येत नाही.

नोरीची कथा तर येथील रहिवाशांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. हे शैवाल उन्हाळ्यात कोठे नाहीसे होते हे जपानी शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचे पीक नशिबावर अवलंबून असे. कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज संशोधिकेने असे दाखवून दिले की ते त्या काळात शिंपल्यांच्या आत वेगळ्याच रूपात जगते, आणि त्या आधारावर नोरीची शेती उभी राहिली. बाई स्वतः जपानला कधीच गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातील उतो येथे त्यांचे स्मारक असून दरवर्षी तेथे त्यांना अभिवादन केले जाते. त्यांचा शोध प्रसिद्ध झाला तो १९४९ साली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी झालेल्या कल्याणच्या लष्करी तळावर गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसविली. एक ऋतू परक्या कवचात काढून मग पसरणाऱ्या वनस्पतीचा पदार्थ कॅम्प नंबर चार किंवा पाचमध्ये परका कसा ठरतो, हे थांबेकराने एकदा समजावून द्यावे.

त्याच्या विद्वत्तेतील सर्वांत मोठे भगदाड मात्र पत्नीखेरीज कोणाला माहीत नाही: कच्चा मासा त्याने आजवर खाल्लेला नाही. बीवा सरोवराकाठच्या फुनाझुशीबद्दल, म्हणजे खारवलेला मासा भातात महिनोन्महिने आंबवून केलेल्या सुशीच्या पूर्वजाबद्दल, तो भक्तिभावाने बोलतो, तिचा उग्र दर्प ही संस्कृतीची खूण आहे असे सांगतो. आणि वरच्या मजल्यावर बोंबील भाजले की सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी तक्रार देतो. तक्रारीखाली सही त्याची एकट्याची नसते, हे त्याच्यापेक्षा सोसायटीबद्दल अधिक सांगून जाते.

सुशीचे स्वस्त रूप जगभर पोहोचले ते फिरत्या पट्ट्यामुळे. योशिआकी शिराइशी याने बिअरच्या बाटल्या वाहणारा पट्टा पाहून १९५८ मध्ये ओसाकाजवळ पहिले असे उपाहारगृह काढले, जेथे थाळ्या सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर या वेगाने गिऱ्हाइकासमोरून सरकतात. अशा ठिकाणी थांबेकर निष्प्रभ ठरेल, कारण त्याचा धडा पुरा होईपर्यंत थाळी चार टेबले पुढे गेलेली असेल. वस्तुतः आठवड्याचे सहा दिवस तो अशाच पट्ट्यावर असतो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सुमारे ६८ किलोमीटरचे अंतर तो पहाटेच्या अंधारात उभ्याने जातो आणि रात्री तसाच परततो. गाडी अंबरनाथला अर्धे मिनिट उभी राहते, त्यात उतरणारे उतरतात, चढणारे लोंबकळतात, आणि कोणी कितीही ओरडले तरी ती थांबत नाही. मराठीत ‘थांबा’ हे नामही आहे, गाडी जेथे उभी राहते ती जागा, आणि जलद गाडीला असे थांबे कमी असतात म्हणूनच ती त्याला प्रिय आहे. तो घरी पोहोचतो तेव्हा मुले जेवलेली असतात, धाकटी बहुधा झोपलेली असते, आणि त्याचे ताट झाकून ठेवलेले असते; ते तो दहा मिनिटांत, टीव्हीचा आवाज बंद ठेवून, संपवितो.

रविवारची ती थाळी पाच माणसांच्या पावभाजीहून महाग पडते आणि दुसरी मागविण्याचा विषय कोणी काढीत नाही. आठ तुकडे पाच माणसांनी मुकाट्याने खाल्ले तर चार मिनिटांचे काम आहे. थांबेकराच्या देखरेखीखाली तेच आठ तुकडे पाऊण तास पुरतात. या हिशेबाची जाणीव त्याला आहे की नाही हे सांगणे कठीण आहे. मात्र पत्नीला ती असावी, कारण तिने माशाची बाजू कोणती हे एव्हाना बारा वेळा ऐकलेले असूनही ती दर खेपेस भाताचीच बाजू सॉसकडे नेते.

सात तुकडे संपतात आणि आठवा राहतो. मुलगा तो बहिणीकडे सरकवितो, बहीण आजीकडे, आजी सुनेकडे. ओसाकाकडच्या बोलीत ताटात उरणाऱ्या अशा शेवटच्या घासाला ‘एन्र्यो नो काटामारी’, म्हणजे ‘संकोचाचा गोळा’, असे नाव आहे. थांबेकराला ते ठाऊक असते तर तो गोळा आणखी पाच मिनिटे टिकला असता. अखेर ट्रिपल राइस येतो, थाळी उचलली जाऊ लागते, आणि आई तो तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकते. "आई, थांब! सुशी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, भाताचा दगड होतो." हेही बरोबरच आहे. आई पिशवीची चेन ओढून घेते.

सोमवारी दुपारी कचेरीत डबा उघडला जातो तेव्हा पोळी आणि भेंडीच्या भाजीच्या वरच्या कप्प्यात, लसणीच्या चटणीला टेकून, आठवा तुकडा असतो. नोरी चिवट झालेली असते आणि भात खडखडीत. सुशीचा तुकडा तोडायचा नसतो, तो एका घासातच खावा लागतो, हा थांबेकराचा आवडता नियम. तो इकडेतिकडे पाहतो, अर्धा तुकडा दातांनी तोडतो, उरलेला चटणीत बुडवतो, भाताच्या बाजूने, आणि सव्वा वाजायच्या आत डबा बंद करतो.